दुसरी पंगत

तिला सगळं वसतिगृह भोंगा म्हणायचं आणि तिला त्याचा राग यायचा नाही. यायचा कसा? आवाज वडिलोपार्जित होता. वडील बसवर कंडक्टर. गच्च भरलेल्या बसमध्ये मागच्या दारातून त्यांनी "पुढे सरका, पुढे जागा आहे" अशी आरोळी ठोकली की ड्रायव्हरसुद्धा आपल्या सीटवर दोन बोटं पुढे सरकायचा म्हणे. लेकीला देण्यासारखी दुसरी इस्टेट त्यांच्याकडे नव्हती. ही मात्र त्यांनी हात न आखडता दिली.

विद्यापीठात ती भूगोल शिकायला आली, आणि भूगोल तिला पुस्तकाआधी मेसमध्ये भेटला. एवढे देश, एवढ्या भाषा एका छपराखाली जेवत होत्या, पण ज्याचं टेबल त्याला. कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. तरी चुकून दुसऱ्याच्या टेबलावर ताट ठेवलं तर सगळे असे बघायचे की घास घशातच अडकावा.

खिडकीजवळचं टेबल सगळ्यात हवेशीर. समुद्रापलीकडून आलेली मुलं तिथे बसायची. एक दिवस इथल्या पोरांनी आधीच दप्तरं टाकून ते अडवलं आणि जुंपली. पाण्याचा जग सांडला, कुणी म्हणालं मुद्दाम सांडला, कुणाची तरी कॉलर कुणाच्या तरी मुठीत आली. भोंगा तेव्हा शेजारच्या टेबल टेनिसच्या खोलीतून नेहमीप्रमाणे हरून येत होती. हातातली बॅट तिने त्या टेबलावर दाणकन आपटली.

"गप्प! ही बॅट ज्याच्या हातात तोच बोलेल. आणि दुसऱ्याने आपलं गाऱ्हाणं सांगायच्या आधी पहिल्याचं सांगायचं. त्याच्याच मनासारखं. तो 'पोचलं' म्हणाला तरच बॅट पुढे."

ही युक्ती तिच्या आईची. घरी ती आणि तिचा भाऊ भांडले की आई लाटणं न थांबवता म्हणायची, "आधी त्याचं सांग, मग तुझं ऐकते." भावाची बाजू भावाच्या तोंडाने मांडता मांडता निम्मी भांडणं तिथेच विझायची, उरलेली हसण्यावारी जायची. मेसमध्येही तसंच झालं. जेवण गार झालं, पण कॉलर सुटली. त्या टेबलावर त्या दिवशी दोन्हीकडचे मिळून बसले, नाइलाजाने का होईना.

तिथून दर शुक्रवारी संध्याकाळी टेबल टेनिसच्या खोलीत बैठक भरू लागली. मुलांची इमारत एका बाजूला, मुलींची दुसऱ्या बाजूला आणि मध्ये ही खोली. पाय मोडलेलं टेबल भिंतीला लावायचं, खुर्च्या मांडायच्या, बॅट फिरवायची. रेक्टरबाईंनी खोलीची किल्ली तिच्याकडेच दिली. ती कमरेला खोचून भोंगा अशी फिरायची की मुली म्हणायच्या, "आली सासूबाई."

खुर्च्या मांडायची पद्धत तिनेच ठरवली. आतलं रिंगण बाहेरून आलेल्यांचं, बाहेरचं रिंगण इथल्यांचं. इथल्यांनी ऐकायचं. यात तिचं साधं घरगुती गणित होतं. घरी कार्य असलं की पहिली पंगत पाहुण्यांची, घरचे मागून. पाहुणा उपाशी आणि घरचा जेवतोय हे तिच्या आईला मेलं तरी चाललं नसतं. मग ही मुलं एवढ्या लांबून आलेली, त्यांना आधी बोलू द्यायला नको? भोंगा स्वतः आतही बसायची नाही आणि बाहेरही नाही. ती मध्ये उभी राहायची. वाढणाऱ्याने बसायचं नसतं.

आणि खोली चालली हो, चांगली चालली. कुणाला वर्गात सगळे नाव तोडून हाक मारायचे ते थांबलं. एका मुलीला प्रयोगशाळेत कुणी जोडीला घ्यायचं नाही, तिला दोन जोडीदारणी मिळाल्या. एक उंच मुलगी आली होती, औषधशास्त्राची, सगळ्यात दूरच्या देशातून. पहिला महिनाभर तिने बॅट नुसतीच हातात फिरवली आणि पुढे दिली. आता तीच नव्या मुलांना आपली ओळख करून द्यायची, "मी या भोंग्याची लांबची बहीण." तेव्हापासून तिचं नावच लांबची पडलं. भोंग्याला कुणाच्या आजीचं ऑपरेशन कधी आहे, कुणाचा भाऊ बोलत नाही, कुणाला कुठल्या सरांची भीती वाटते, सगळं तोंडपाठ. तिसऱ्या वर्षाला आली तेव्हा कुलगुरूंनी भाषणात त्या खोलीचा उल्लेख केला. तिने वडिलांना फोन करून सांगितलं. वडील म्हणाले, "मोठ्याने सांग, इथे इंजिन चालू आहे." तिला मोठ्याने सांगावं लागलं, ही तिच्या आयुष्यातली पहिलीच वेळ.

आणि अशा ऐन रंगात रेक्टरबाईंनी बोलावलं.

रेक्टरबाई कमी बोलायच्या. समोरचा बोलत असला की चष्मा पुसत राहायच्या आणि तो थांबला की चष्मा लावायच्या. त्यांनी चष्मा लावला.

"तक्रार आहे. शुक्रवारी तुम्ही खोली अडवता, मुलांना टेबल टेनिस खेळता येत नाही. बॅटसुद्धा तुमच्याकडे. म्हणणं रास्त आहे."

"मॅडम, ते टेबल मोडकं आहे!"

"मोडकं आहे ते तुम्ही भिंतीला लावून लावून."

"कुणाची तक्रार आहे?"

रेक्टरबाईंनी नाव सांगितलं. तक्रार पैलवानाची होती.

हा पैलवान म्हणजे खरा काडीपैलवान. वारा सुटला की खिशात दगड ठेवून चालावं असा. पण मुद्दा तो नव्हे. पैलवान तिच्या गावचा, नुसत्या गावचा नाही तर तिच्या डेपोतला. त्याचे वडील डेपोत मेकॅनिक. तिच्या वडिलांच्या बसचं इंजिन त्याच्या वडिलांच्या हाताखालून जायचं. लहानपणी दुरुस्तीला उभ्या असलेल्या बसमध्ये दोघं खेळायची. ती कंडक्टर व्हायची आणि ड्रायव्हरही तीच व्हायची. पैलवान प्रवासी. सबंध बसमध्ये एकटा प्रवासी, आणि त्यालाही ती ओरडायची, पुढे सरका.

"मला दोन्ही बाजूंची भाषणं नकोत," रेक्टरबाई म्हणाल्या. "ज्याने तक्रार केली त्यानेच येऊन म्हणावं की खोली चालू राहू दे. सोमवार संध्याकाळपर्यंत. नाहीतर किल्ली इथे ठेवून जायचं आणि शुक्रवारपासून खोली खेळायला."

भोंगा खोलीबाहेर पडली ती दात-ओठ खात. शेंडी तुटो की पारंबी तुटो, खोली जाऊ द्यायची नाही. नव्या वर्षाची मुलं आता कुठे बोलायला लागली होती. त्यांना परत आपापल्या टेबलावर जाऊन गप्प जेवायला लावायचं, तेही या घरभेद्याच्या टेबल टेनिसपायी? त्याने दोन वर्षांत बॅट हातात धरलेली तिने पाहिली नव्हती.

तिने त्याला मेसमध्ये गाठलं. तो भिंतीकडे तोंड करून एकटाच जेवत होता.

"कधीपासून खेळतोस रे तू?"

"खेळीन आता."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. बाहेरच्या मुलांना बोलायला एक जागा आहे, ती खुपते तुझ्या डोळ्यांत. सरळ सांग ना."

"झालं तुझं?" पैलवान म्हणाला, ताट उचललं आणि गेला. ताटात निम्मं जेवण तसंच होतं.

भोंगा हार मानणाऱ्यातली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने हुकमाचं पान काढलं. थेट त्याच्या आईला फोन लावला.

"काकू, तुमच्या लेकाला जरा समजवा हो. फार शेफारलाय."

काकू हसल्या नाहीत. एरवी तिचा आवाज ऐकला की त्या आधी फोन कानापासून लांब धरायच्या आणि मग हसायच्या.

"बाई गं, तूच सांग काय झालंय त्याला. घरी फोन करतो आणि हूं हूं करतो नुसता. परवा म्हणाला, शिक्षण सोडून येतो, डेपोत लागतो बाबांच्या हाताखाली. ह्यांनी दोन दिवस तोंडात घास घातला नाही. आम्हाला वाटलं, तू आहेस तिथे. तुला माहीत असेल."

भोंग्याला माहीत नव्हतं. तिने "बघते हं काकू" म्हणून फोन ठेवला आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. लाज वाटली तिला, आणि लाजेच्या मागोमाग रागही आला. याने सांगायला नको? जगभरच्या पोरांनी येऊन सांगितलं, याला काय तोंड नव्हतं?

लांबची तिथे आली आणि दोन पायऱ्या खाली बसली, तेव्हा कुठे दोघींची डोकी एका उंचीवर आली. भोंग्याने सगळं सांगितलं, अर्थात दणक्यात.

"तो यायचा की खोलीत," लांबची म्हणाली. "पहिल्या वर्षी. दाराजवळच्या खुर्चीत बसायचा."

"यायचा ना. मग बोलायचं होतं."

"कसं? बाहेरच्या रिंगणात बॅट जातच नाही."

"अगं, पण तो इथलाच आहे! पहिली पंगत पाहुण्यांची."

"बरं. दुसरी कधी बसली?"

दुसरी पंगत कधीच बसली नव्हती. दर वर्षी नवे पाहुणे येत होते, आणि ती त्यांना वाढत होती.

"आणि अजून एक," लांबची म्हणाली. ती कडू गोळी हसत द्यायची, औषधशास्त्रच शिकत होती ना. "दुसऱ्याचं आधी सांगायचं, हा नियम तू केलास. आम्ही सगळ्यांनी तो पाळला, मी तर रडत रडत पाळला. तू एकदाही पाळला नाहीस. तू कायम उभी."

सोमवारी दुपारी भोंगा मुलांच्या इमारतीच्या दारात उभी राहिली आणि तिने पैलवानाला हाक मारली. तिसऱ्या मजल्यापर्यंत खिडक्या उघडल्या. तो खाली आला, कारण न येऊन सांगतो कुणाला? ती आणखी दोनदा ओरडली असती.

"भांडायला नाही आले," ती म्हणाली. "खोलीत चल. तू बोल. मी बसते."

त्याने तिच्याकडे संशयाने पाहिलं. पण 'मी बसते' हे त्याने तिच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकलं असावं. तो आला.

खोलीत तिने दोनच खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि बॅट त्याच्या हातात दिली. बॅटचं एका बाजूचं रबर कधीच निघून गेलं होतं. पैलवानाने ती उलटसुलट करून पाहिली, जणू पहिल्यांदाच बघतोय. पहिल्यांदाच होती ती त्याच्या हातात.

"टेबल टेनिस मला येत नाही," तो म्हणाला. "आवडतही नाही. मला फक्त ही खोली बंद व्हायला हवी होती."

तिने ओठ घट्ट मिटले. तिला ते जमत नव्हतं हे तिच्या गालांवर दिसत होतं.

"पहिल्या वर्षी वर्गात मला निम्मं कळायचं नाही. सर भराभर बोलायचे. आपल्या गावच्या शाळेत तो भाग शिकवलाच नव्हता, तुला माहीत आहे. म्हणून मी इथे आलो. एक बाहेरचा मुलगा आत बसून अगदी हेच बोलला, मला वर्गात कळत नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. तू उभ्या उभ्या त्याला शिकवायला एक सीनियर गाठून दिलास. मग मी हात वर केला. तू म्हणालीस, 'तू काय रे, तू घरचाच, पुढच्या वेळी.' पुढच्या वेळी परत हात वर केला. तू म्हणालीस, 'थांब जरा.' मी दोन विषयांत नापास झालो. तो मुलगा पास झाला. मला त्याचा राग नाही, चांगला आहे तो. पण दर शुक्रवारी इथून टाळ्या ऐकू येतात आणि माझी खिडकी बरोबर या खोलीच्या वर उघडते."

त्याने बॅट मांडीवर ठेवली. आता तिची पाळी होती.

"तू म्हणतोस," भोंग्याने सुरुवात केली, "की तुला वर्गात कळत नव्हतं, आणि आम्ही लक्ष दिलं नाही. पण आमचा हेतू..."

"पण नको."

"बरं. तुला वर्गात कळत नव्हतं आणि तुला असं वाटलं की आम्ही लक्ष..."

"वाटलं नाही. झालं."

तिने श्वास घेतला. दोन वर्षं तिने शेकड्याने लोकांना हे करायला लावलं होतं. कुणी अडखळलं की ती वरून म्हणायची, सोपं आहे, नुसतं जसंच्या तसं सांग. सोपं नव्हतं ते. समोरचं जसंच्या तसं तोंडात घेतलं की आपली बाजू घशाशी येते आणि धक्के मारते.

"तू इथे एकटा पडलास, तुला सामावून घेतलं गेलं नाही..."

"एकटा म्हणालो का मी? सामावून म्हणालो? ही तुझी स्टेजवरची भाषा इथे घालू नकोस." पैलवान उठला. "जाऊ दे. तुला नाही जमायचं. तुला लांबचंच ऐकू येतं."

"बस," भोंगा म्हणाली.

आवाज न चढवता म्हणाली, म्हणूनच बहुधा तो बसला.

"आज नाही जमलं तर उद्या जमवीन," ती म्हणाली. "खोली गेली तर जिन्यात बसून जमवीन. तू पोचलं म्हणेपर्यंत मी उठणार नाही. तुझ्या आईला 'बघते' म्हटलंय."

"आईला कशाला..."

"बॅट तुझ्या मांडीवर आहे, बोलायची पाळी माझी आहे. गप."

तिने हात मांडीखाली दाबले, कारण ते हलले की भाषण सुरू व्हायचं. मग ती हळू बोलू लागली, एकेक वाक्य, मध्ये थांबत.

"तुला वर्गात कळत नव्हतं. तू इथे आलास. तुझंच दुखणं दुसऱ्याने सांगितलं, त्याला मदत मिळाली. तू हात वर केलास, मी पुढच्या वेळी म्हटलं. परत वर केलास, मी थांब म्हटलं. तू नापास झालास. वरच्या खोलीत बसून तू टाळ्या ऐकल्यास. म्हणून तुला ही खोली बंद हवी आहे."

पैलवानाची मान हलायला लागली होती, एवढ्यात ती म्हणाली, "आणि दोन्ही वेळेला तुझा हात मी पाहिला होता."

"हे मी म्हणालो नव्हतो."

"नाही. हे माझं आहे. मला वाटलं, हा कुठे जातोय, हा आपलाच आहे."

शेजारून मेसमधली भांडी घासल्याचा आवाज येत होता. पैलवानाने बॅटच्या उघड्या बाजूवरून अंगठा फिरवला, बराच वेळ. त्याचे डोळे भरले होते आणि ते तिला दिसावेत असं त्याला वाटत नव्हतं, म्हणून ती खिडकीकडे बघत राहिली.

"पोचलं," तो म्हणाला.

नियमाप्रमाणे आता बॅट तिची होती आणि आता तिला बोलता आलं असतं. शनिवारपासून तिने सगळं मनात घोळवून ठेवलं होतं, नवी मुलं, त्यांची टेबलं, खोली का राहिली पाहिजे, कुलगुरू काय म्हणाले. एकेक मुद्दा बिनतोड. तिने बॅट हातात घेतली आणि परत त्याच्याकडे दिली.

"मॅडमकडे ये म्हणून मी सांगणार नाही," ती म्हणाली. "किल्ली द्यायला मी संध्याकाळी जाणार आहे. ते दोन विषय मात्र उद्यापासून. सीनियर मी गाठते. तू डेपोत लागलास तर तुझे बाबा माझ्या बाबांची बस बिघडवून ठेवतील."

तो हसला नाही, पण हसू आवरल्यासारखा दिसला.

संध्याकाळी ती रेक्टरबाईंच्या टेबलासमोर उभी राहिली, कमरेची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. दोन वर्षं ती किल्ली अंगावर होती. रेक्टरबाईंनी चष्मा पुसायला घेतला, कारण भोंगा काहीतरी बोलेल अशी त्यांची खात्री होती. ती बोलली नाही. बाई चष्मा तसाच हातात धरून तिच्याकडे बघत राहिल्या.

तेवढ्यात दारात पैलवान आला. धावत आला असावा, दाराची चौकट धरून उभा राहिला.

"मॅडम, खोली चालू राहू दे."

"तुमची तक्रार?"

"मागे घेतो. पण खुर्च्या मी लावणार." त्याने भोंग्याकडे पाहिलं नाही. "एकच रिंगण. आणि मध्ये कुणी उभं राहणार नाही."

रेक्टरबाईंनी चष्मा लावला आणि भोंग्याकडे पाहिलं. तिच्या घशाशी काय काय आलं. खोली मी उभी केली, बॅट मी आपटली, पद्धत माझ्या आईची. हे सगळं खरंही होतं. तिने ते गिळलं. कडूच लागलं, उगाच खोटं का सांगा.

"लावू दे," ती म्हणाली.

रेक्टरबाईंनी किल्ली उचलली आणि टेबलावरून सरकवली. तिच्याकडे नाही, पैलवानाकडे.

शुक्रवारी भोंगा सवयीने वेळेआधी आली. हात सवयीने कमरेकडे गेला आणि रिकामा परत आला. दाराला कुलूप होतं. नवी मुलं यायला लागली, तिला दाराबाहेर उभी पाहून बुचकळ्यात पडली आणि तिच्या मागे रांगेत उभी राहिली. लांबचीने काय ते ओळखलं आणि तीही मुकाट्याने रांगेत लागली. भोंग्याला चुळबूळ होत होती. दोनदा तिच्या मनात आलं की वरच्या खिडकीकडे तोंड करून एक हाक मारावी. ती थांबली. आत जायला दुसऱ्याची वाट पाहावी लागते ती अशी, एवढं तिच्या पायांना कळत होतं.

पैलवान जिना उतरून आला. बगलेत बीजगणिताचं पुस्तक, हातात किल्ली. ती त्याने कमरेला खोचली नव्हती. त्याने कुलूप काढलं, दार ढकललं आणि बाजूला होऊन सगळ्यांना आत जाऊ दिलं. भोंगा सगळ्यात शेवटी गेली. रिंगणात जागा शोधत ती दाराजवळ थांबली.

"तिथे नको उभी राहू," पैलवान तिच्या पुढ्यात खुर्ची ठेवत म्हणाला. "पुढे सरक. पुढे जागा आहे."